सोनौलीच्या आधीचा हिशोब

खोब्रागडे काका गेटवरूनच म्हणाले,
या डब्यात बसून नेपाळ?
अवं, तिकडं घाट हाय, धुकं हाय,
विमानानं जा ना बाप्पा.

डबा म्हणजे माझी अल्टो, दोन हजार बाराची,
क्लच जड, बाकी स्वभाव गरीब.
आईला लुंबिनी पाहायची आहे
आणि विमानातून, ती म्हणते,
मधलं काहीच दिसत नाही.

म्हणून शंभरपानी वही आणली.
पहिल्या ओळीत लिहिलं: वही, वीस रुपये.

सीताबर्डीतल्या दुकानदारानं
परदेशी जाणाऱ्या गाडीचा आख्खा संच पुढं मांडला.
त्रिकोण, पंप, दोर, चमकणारं जाकीट.
साडेसहा हजार.
मी त्रिकोण उलटासुलटा करून पाहिला,
सांधे पाठ केले
आणि पाणी पिऊन बाहेर पडले.

लोहा ओळीत पत्र्याच्या तीन पट्ट्या, चाळीस.
सायकलवाल्याचे लाल रिफ्लेक्टर, नऊ मागितले
तर बारा दिले, त्यातले तीन फुटके.
रज्जाक मिस्त्रीनं वेल्डिंगचे पैसे घेतले नाहीत.
चहा घेतला, आणि आधीच्या मालकानं
वायरिंगचं काय करून ठेवलं
त्यावर तासभर माझे कान घेतले.

शाळेच्या प्रयोगशाळेतला आग विझवायचा लाल नळा
आठ वर्षं खिळ्याला टांगून होता.
हेडमास्तरांनी सही केली: निकामी.
भरून आणला, साडेचारशे.
वहीतला सगळ्यात मोठा आकडा.
त्या रात्री झोप नाही,
आगीच्या विचारानं की पैशाच्या,
सांगता येत नाही.

धुक्यासाठी दिव्यांवर पिवळा जिलेटिन कागद,
गॅदरिंगच्या नाटकातला, पहाट दाखवून उरलेला.
औषधं बिस्किटांच्या डब्यात.
संत्र्याच्या पेटीत स्टोव्ह, तांदूळ, तिखट,
दोन किलो भिवापुरी, कारण आईचा
परक्या मिरचीवर विश्वास नाही.

उन्हाला पडदे हवेत म्हटल्यावर
तिनं विरलेली पांढरी साडी काढली.
दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना नेसायची ती.
कात्री माझ्या हातात दिली नाही.
चार तुकडे स्वतः केले, सरळ,
खडूची रेघसुद्धा न मारता.

मागच्या काचेखाली देशाची तीन अक्षरं लागतात
असं कोणीतरी सांगितलं. खरं-खोटं कोण जाणे.
वाडीत ट्रकांवर लिहिणारा देवाजी पेंटर म्हणाला,
हे कशाले वं?
तिकडच्यांना कळावं, कुठून आलो.
त्यानं अक्षरं काढली, तीस रुपये,
आणि खाली न विचारता एक संत्रं.
आता कळंन, म्हणाला.

मग रविवारी रंगीत तालीम.
रिंग रोडच्या कडेला गाडी उभी केली,
आई घड्याळ धरून, मी जॅक धरून.
चाक बदलायला एकोणतीस मिनिटं.
लय झाले, आई म्हणाली, पुन्हा कर.

दुसऱ्यांदा नट काढताना
एक ट्रक करकचून थांबला.
पारशिवनीचा माणूस, गळ्यात मफलर.
काय झालं बाई? कुठं चालल्या?

आई पुढच्या सीटवर, दोन उशांवर उंच,
पडदा बाजूला करून म्हणाली,
परदेशात.

त्यानं अल्टो पाहिली. पिवळे दिवे पाहिले.
त्रिकोणाला पायानं जरा सरळ केलं.
हसला नाही.
सोनौलीपर्यंत माझी महिन्याची फेरी हाय, म्हणाला,
पुढं बुटवलकडं चढ लागला तर
हे जवळ असू द्या.
आणि केबिनमधून काढून दिला
मनगटाएवढा जाड, ग्रीस लागलेला दोर.

रात्री मी लिहिलं: दोर, शून्य.

आईनं चष्मा लावला,
शून्यावर काट मारली,
त्याच्या ट्रकचा नंबर लिहिला,
आणि पुढं, आपल्या हळू अक्षरात:
उसना. येताना परत.