डाव्या डोळ्याची मोजणी

जालन्याच्या दवाखान्यात, पंख्याच्या घरघरीखाली,
निलोफर नावाच्या पोरीनं हातात पुठ्ठा दिला:
उभ्या-आडव्या रेघा, मधोमध एक ठिपका.
"काका, उजवा डोळा झाका. ठिपक्यावरच बघा.
रेघा सरळ आहेत का सगळ्या?"

मला विचारते.
एकतीस वर्षं भूमी अभिलेखात साखळी ओढली
तुरीतून, गाळातून, भावाभावांच्या भांडणातून.
सरळ रेघ म्हणजे काय, ते मी
अंबडच्या कोर्टात शपथेवर सांगितलंय.

ठिपक्याच्या खालच्या अंगाला
चार चौकटी खचलेल्या,
विहिरीच्या काठची काळी माती बसते तशा.
कडेची एक तर दिसतच नव्हती.
पुसलेली नाही, काळी नाही,
नुसती नव्हती.

खिशातली पट्टी काढून रेघेला लावली, सवयीनं.
पट्टीही वाकली.

"पट्टी ठेवा काका. जसं दिसायलंय तसं काढा."
तिनं पेन्सिल दिली. मी टोक तपासलं,
आणि काढला माझ्याच पडद्याचा नकाशा,
खाचखळग्यांसकट, उत्तर दिशा दाखवून.
खाली सही करायला गेलो तर म्हणाली,
सही नाही लागत.

"कधीपासून असंल हे?"
"ते ह्यात कळत नाही. हे फक्त आजचं सांगतं."

आलिदादीतून मी जन्मभर उजव्यानंच पाहिलं,
डावा मिटून.
फक्त एकदा, भोकरदनकडच्या एका गावी,
उजव्याला रांजणवाडी आलेली, पापणी उघडेना,
तेव्हा डाव्यानं बघून दगड रोवला.
कौतिकबाई दांडगे म्हणाली होती,
साहेब, धुरा माझ्या रानात पोट काढून आलाय.
मी म्हणालो, बाई, नजरच वाकडी तुमची.
लगतदार हसले, पंचनाम्यावर अंगठे उठले.
तिचा नाही उठला. "गैरहजर" लिहिलं मी,
ती समोर उभी असताना.

डोळ्यात थेंब घातलेले, उन्हाला धार आलेली.
घरी भिंतीला लावायला पुठ्ठ्याची प्रत दिलीय:
रोज सकाळी, एकेक डोळा झाकून.
स्टँडवर अंबडची गाडी लागलेली असणार.
पाट्या वाचता येईनात,
तरी मी विचारलं ते भोकरदनचं.
शेंगा विकणाऱ्यानं हात लांब करून दाखवलं.
मी डावा डोळा झाकला
आणि त्याच्या बोटाच्या रेघेत बघत राहिलो.