बारा व्होल्टची गाडी

रूळ टाकताना पहिला वाद झाला फ्रीजशी.
त्याच्या पाठीमागून जायला चार बोटं जागा होती,
पण कॉम्प्रेसर सुरू झाला की भिंतीला हिसका बसायचा
आणि मालगाडीचा शेवटचा डबा
निमूट आडवा व्हायचा.

इन्व्हर्टरखालून नेणं शक्यच नव्हतं,
बॅटरीचं पाणी सांडलं तर रूळ काळे पडणार.
म्हणून टीव्हीमागे, वायरींच्या गुंत्यावरून उड्डाणपूल.
पुण्यात पूल बांधून पाडायची पद्धत आहे,
मीही दोनदा पाडला.

घोरपडी, तिसरा मजला, एकच बेडरूम.
बाहेर खरी लाइन: दौंडकडे सुटलेल्या गाड्या,
फाटकापाशी खोळंबलेल्या स्कूटर.
आत माझी. बारा व्होल्ट,
मुंगीलाही झटका बसणार नाही.
दोघी एकमेकींना ओळख दाखवत नाहीत.

पप्पा खिडकीशी.
डिझेल शेडमध्ये पस्तीस वर्षं फिटर,
इंजिन नुसतं ऐकून
कुठल्या सिलिंडरला दुखतंय ते सांगायचे.
आता काचबिंदू. समोर फक्त
उजेड आणि कमी उजेड.
मांडीवर रेडिओ, मीडियम वेव्ह.

माझं इंजिन रेडिओजवळून गेलं
की बातम्या देणाऱ्या बाईंच्या तोंडात खडे:
खडकवासल्यात खर्रर्र टीएमसी,
कांद्याला क्विंटलमागे खर्रर्र.
भोसरीत मी मोटारी वाइंड करते, मला कारण माहीत होतं.
ब्रश कम्युटेटरवर घासतो, ठिणगी उडते
तिळाहून लहान,
आणि अशी प्रत्येक ठिणगी म्हणजे
एक बिनपरवाना आकाशवाणी केंद्र.

शनिवारी तपकीर गल्लीत गेले.
"किती देऊ? शंभर?"
"एक."
त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं,
मग पाकीट फोडून एक दिला, पैसे घेतले नाहीत.
मसुराच्या डाळीएवढा कपॅसिटर.
रात्री श्वास रोखून डाग दिला.

सकाळी बातम्या लख्ख.
कांद्याचा भाव शेवटच्या रुपयापर्यंत ऐकू आला.
गाडी फिरत होती, मी खूश.
पप्पांनी पोह्यांना हात लावला नव्हता.
शेवटी म्हणाले,
"ब्लॉक घेतलाय का?"
"नाही. चालू आहे की गाडी."
"मग येत का नाही?"

मला वेळ लागला.
मी इतके दिवस त्यांची खरखर दूर करायला निघाले होते.
ते बातम्यांच्या खालून
माझी गाडी ऐकत होते:
सोफ्यामागे बारीक,
लोखंडी कपाटाआड गुप्प,
मग वाढत वाढत डाव्या गुडघ्यापाशी,
मग अख्खी मांडीवर,
मग पुन्हा लांब.
एक फेरी बावन्न सेकंद. मोजली होती त्यांनी.
"रविवारी उपासनेहून आलो की त्रेपन्न.
तू वॉशिंग मशीन लावतेस ना."

त्रेपन्न.
माझा जुना ट्रान्सफॉर्मर, घरातलं व्होल्टेज पडलं की हाही पडतो,
पण एक सेकंद
मला डोळ्यांनी कधी दिसला नव्हता.

डाळ पक्कडनं तोडली.
इंजिन रुळावर ठेवलं, नॉब फिरवला.
बाईंच्या तोंडात पुन्हा खडे आले.
पप्पांनी प्लेट पुढे ओढली,
लिंबू चाचपलं, पिळलं, बी नेमकी बोटानं अडवली.
तिसऱ्या फेरीला मान कलती करून म्हणाले,
"ब्रश झिजलाय गं. डावा."

दुपारी उघडून बघितलं.
झिजला होता. उजवा.

मी त्यांना काही बोलले नाही.
तुम्ही कधी आलात आणि त्यांनी विचारलं,
तर डावाच म्हणा.