अकरा एमबी

सोळातले पाच बूटलोडर आणि कर्नल घेऊन बसलेत.
उरलेल्या अकरा एमबीत मला बसवायचंय सगळं,
पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
दाराशेजारी भिंतीवर लागणाऱ्या
त्या पावभर वजनाच्या डब्यासाठी.

अंबडला सहानंतर
शेजारच्या पावडर कोटिंगवाल्यांची भट्टी थांबते
आणि आमच्या गाळ्यात बिल्ड मशीनचा पंखा ऐकू येतो.
तसनीम शेवटचा बोर्ड सोल्डर करून
जेवणाचा डबा पिशवीत टाकते,
म्हणते, येते गं, तुझं शिजू दे.
तीन तास लागतात शिजायला.

तोवर मी काढत बसते.
मॅन पेजेस काढली, शून्य अंशाला उभं राहून कोण वाचणार.
कीबोर्डांचे नकाशे काढले, कीबोर्डच नाही.
जगातले सगळे टाइमझोन काढले, एक ठेवला;
निफाडची वेळसुद्धा तिथे कोलकाता म्हणूनच लिहितात.
होम काढलं.
इथे कोणी राहणार नाहीये.
नल मात्र ठेवला. त्यात काहीही टाका, भरत नाही,
पडल्याचा आवाज येत नाही.
असं एक भोक प्रत्येक सिस्टिमला लागतं.

नऊ पॉइंट आठ. खैरनार सर खूश.
सिरियल केबल लावली, ओळी धावल्या,
आणि कर्नल पॅनिक: इनिट सापडत नाही.
म्हणजे घर जागं झालं
आणि पहिलं काम कोणाला सांगायचं तेच कळेना.
एक लिंक चुकली होती, एका अक्षरानं.

फेब्रुवारीत डबा भिंतीवर लागला.
दुसऱ्याच रात्री पावणेदोनला
निवृत्ती बोरस्त्यांचा फोन:
"ताई, पडद्यावर नुसत्या खिडक्या आल्यात.
ओळीनं. आत कोणीच नाही."

मराठीचा फॉन्ट.
यादीत 'इतर'खाली होता.
मी त्या अख्ख्या गटाचीच खूण काढली होती, चहा पिता पिता.
आत चौदा टन थॉमसन,
दार इंचभर उघडं,
आणि डबा आपला ओरडतोय,
चौकोन, चौकोन, चौकोन.

फॉन्ट, वर अक्षरं जुळवणारी लायब्ररी: दोन एमबी.
शिल्लक एकच, वर थोडं चिल्लर.
लायब्ररी नसली की जोडाक्षरं तुटतात,
पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन उभी राहते,
लग्नात चुकून वरपक्षाच्या पंगतीत बसलेल्या मावशीसारखी.
मग मी निरोपच तसे लिहिले.

दार उघडे आहे.
वीज गेली.
पंखा बंद.
तापमान वाढत आहे.

एक जोडाक्षर नाही, एक पहिली वेलांटी नाही.
आकडे सोडून, काना-मात्रा धरून, बावीस आकार.
मोजताना दिसलं
की 'उघडे'च्या पोटात घड आहे.
आणि हेही, की निवृत्ती बोरस्ते हे नाव
या डब्यावर कधीच उमटणार नाही.
त्यांना सांगितलं तर म्हणाले,
माझं नाव कशाला त्यात? मला कळलं म्हणजे झालं,
मी दार लावतो.

सिस्टिम जिथून सुरू होते त्या मुळाला नाव नसतं.
नुसती एक तिरकी रेघ,
डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधताना
काडीला देतात तसा काप.
बाकी सगळं त्या रेघेच्या पुढे.

शेवटचा बिल्ड लावण्याआधी
यादीत आणखी दोन आकार घातले,
दीर्घ ऊकार आणि ळ.
चारशे बाइट.

हा ळ कुठल्या निरोपात आहे? खैरनार सरांनी विचारलं.
अजून कुठल्याच नाही, म्हटलं.
त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं,
आणि पुढच्या ओळीकडे गेले.