धुतलेला पट्टा

पहिला इलेक्ट्रोड मी
लग्नातल्या शालूच्या काठातून उसवला.
मल्टिमीटर पींऽ करून ओरडला, तेव्हा कळलं
सुरतेची जर अस्सल आहे, वीज वाहते तिच्यातून.
आईला अजून सांगितलेलं नाही.

मग मांडवीत, हर्षदभाईंच्या मशीनशेजारी
स्टुलावर बावीस वर्षं.
त्यांनी कधी विचारलं नाही, रोग कुठला.
एवढंच : ढीलो के फीट?
मी म्हणायचे, छातीला धरून राहावा,
पण धरलंय हे कळू नये.
'बेन, एवुं तो कोई कपडुं नथी.'
सातव्या खेपेला झालं.

बाकी माझं काम म्हणजे गाळणं.
घाम गाळला. जिना गाळला. ठसका,
रावपुऱ्यातले खड्डे, स्कूटरची किक.
नवरात्राच्या नऊ रात्री तर सरळ फेकल्या,
टाळीगणिक आलेखात नुसतं रान माजायचं.
खाली उरायचा तो स्वच्छ ठोका,
पेपरात छापण्याजोगा.
त्याच्यावर मी प्रोफेसर झाले.

नमुना क्रमांक चौदा. पुरुष. एकाहत्तर. प्रतापनगर.
नाव लिहायचं नसतं.
टिपणीस.

सातव्या आठवड्यात त्यांच्या बाई आल्या लॅबमध्ये,
कापडी पिशवीत पट्टा घेऊन.
धुतलेला. निळीतून काढलेला.
इस्त्री करून, रुमालासारखी चौघडी.
'त्यांचे कपडे वाटून टाकले सगळे.
हा तुमचा, म्हणून.
घामाचा वास येत होता हो.'
चांदी पार गेली होती.
मी म्हटलं, बरं केलंत.

त्या रात्री न गाळलेली फाईल उघडली.
पहाटे चार दहा. रोज.
कुशीवर वळणं, उठणं,
अकरा पावलं,
वीस मिनिटं उभं, अधूनमधून वाकणं,
अकरा पावलं परत.
बेचाळीस पहाटांवर माझाच शेरा :
हालचालीचा दोष, वगळावे.

अकरा पावलांवर काय असेल?
देव? खिडकी?
दोनदा फोन उचलून ठेवला.

तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या,
'अहो, नळ येतो ना चारला. पिंपं भरायची असतात.
माझे गुडघे हे असे.'

आणि आता?

'आता काय, उठते मी.'

हर्षदभाईंकडे नवा पट्टा टाकलाय.
बायकांच्या मापाचा.
साबणाने धुता येईल असा.