खर्ज

नोदारमामांचा अ‍ॅम्प्लिफायर
माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा.
कुताइसीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर
तो विणलेल्या शालीखाली झोपतो.
शेजारी माझा लॅपटॉप,
नवख्या पाहुण्यासारखा
टेबलाच्या कडेला टेकलेला.

"आवाज डब्यातून येतोय," मामा म्हणाले.
येतच होता.
ट्रक कारखान्यातले तिघं, जेवणानंतरचं गाणं,
सत्त्याऐंशीची कॅसेट, मी तिबिलिसीहून फाइल करून आणलेली,
आणि सगळ्यांच्या तोंडावर जणू उशी.

मग शनिवार त्यातच गेला.
लॅपटॉपचा आवाज पुरता वर, अ‍ॅम्प्लिफायरचा बेताचा.
आत कुणी शहाणं परस्पर 'सुधारणा' करत होतं,
त्याला गप्प केलं.
हेडफोनच्या भोकातली केसाएवढी वायर काढून
मधे काडेपेटीएवढा कन्व्हर्टर बसवला
(किंमत मामांना निम्मीच सांगितली).
स्पीकर भिंतीपासून दोन वीत पुढे.
त्यांच्यावरच्या लोणच्याच्या बरण्या
त्सियालामामीनं कुरकुरत उचलल्या.

उशी निघाली.
गोचाचा खोकला ओळखू आला.
ओतारचा वरचा सूर तर असा लागला
की मामी हातातली बरणी ठेवायची विसरली.

"आणि खर्ज ऐक," मामा म्हणाले,
"तो बेसारियोन.
बाकीचे वर जातील, खाली येतील,
हा पठ्ठ्या जागचा हलायचा नाही.
श्वास कधी घेतो, देव जाणे."

मला मात्र कळलं होतं.
मघाशी गाणं थांबवलं होतं
तेव्हाही बेसारियोन गातच होता.

दोन सॉकेट, जमिनीकडे जाणाऱ्या दोन वाटा,
आणि त्या वाटांच्या फेऱ्यात सापडलेली
विजेची एक घुंऽऽ.
सांगायचं कसं?
न सांगताच मी वाकले
आणि चार्जर उपटला.

खोलीत दोनच माणसं गात राहिली.
एक पाय नसलेलं स्टूल.

"वायर तुटली," मामा म्हणाले.
"काही तुटलं नाही," मामी म्हणाली.
"बेसारियोन त्या रात्री झेस्टाफोनीला गेला होता,
भावाच्या लग्नाला.
आपला जुना टेपही असाच भुणभुणायचा.
सदतीस वर्षं तू भिंतीला दाद देतोयस."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"बॅटरी किती?"
"अकरा मिनिटं."
"मग पहिल्यापासून लाव."

आधी घसा खाकरला. मग दोन शब्द उशिरा,
स्वरही जरा चढाच.
"खाली," मामी म्हणाली. "अजून खाली."
तिसऱ्या ओळीला कुठेतरी
तो जाऊन बसला, गोचाच्या पायाशी.

स्क्रीन काळी झाली तेव्हा
ओतार शब्दाच्या मधोमध तुटला, गोचाही.
मामा थांबले नाहीत.
डोळे मिटलेले, हात गुडघ्यावर,
बरण्यांची झाकणं बारीक थरथरत होती
किंवा मला तसं वाटलं.

रविवारी निघण्याआधी
दोन्ही प्लग एकाच पट्टीत लावून दिले.
घुं गेली, चार्जर लावलेला असतानाही.
मामांनी स्पीकरला कान लावून खात्री केली
आणि बोटानं हवेत फुली मारली.

काल मामीचा फोन होता.
खालच्या मजल्यावरचे विचारतात,
रात्री दहानंतर तुमच्याकडे
कसली हो ती घरघर?