एक जून

एडविन मॉसपनं वल्ही आत घेतली
आणि नाव तळ्याच्या मधोमध गप्प झाली.
एस्कडेलच्या वरच्या अंगाचं हे तळं,
पाण्यावर गुडघाभर धुकं.
दोरीनं ओढून वर घेतली आम्ही नळी :
आत अर्धा मीटर गाळ,
थिजलेल्या कुळथाच्या पिठल्यासारखा
जरासा थरथरणारा.

लँकेस्टरच्या तळघरात
मी त्याच्या चकत्या कापते
अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरच्या.
वाळवते, डबीत भरते,
शिशाच्या जाड भिंतींआड ठेवते.
यंत्र दोन-दोन दिवस कान लावून बसतं
सीझियमच्या कुजबुजीला.

नऊ सेंटिमीटरवर एक टेकाड.
शहाऐंशी, मी म्हटलं.
एडविन म्हणाला, शनिवार होता,
मेचा पहिला शनिवार.
डोरीननं चादरी वाळत घातलेल्या, पाऊस आला,
आम्ही धावलो.
चादरींसाठी धावलो, बरं का.
मग सरकारी माणसं आली,
मेंढ्यांच्या मागच्या मांडीला मीटर लावून गेली
आणि ज्या फार बोलल्या
त्यांच्या पाठीवर रंग.
यान, टान, टेथेरा,
आजोबांपासून चालत आलेली मोजणी.
तिच्यात रंगवलेल्या मेंढीला आकडा नव्हता.

आणखी खाली, चौदावर, खरा डोंगर : त्रेसष्ट.
कुठल्या बेटांवर, कुठल्या बर्फावर
फोडून पाहिलेले बॉम्ब
आभाळभर भटकून
इथे परागकणांच्या शेजारी
निमूट येऊन बसलेले.

माझंही साल तेच.
पासपोर्टवर एक जून एकोणीसशे त्रेसष्ट.
त्यातला एक जून गुरुजींचा,
आमच्या वर्गात निम्म्यांचा तोच.
कधीची पोर? त्यांनी आईला विचारलं.
कोयनेचा भूकंप झाला तवा
ही आपल्या पायांनी गोठ्याबाहेर पळाली.
आणि पानशेत फुटलं तेव्हा?
तवा नव्हती.
गुरुजींनी दोन संकटांच्या मधे बोट ठेवलं
आणि दौतीत टाक बुडवला.

मी तरी दुसरं काय करते?
वर एक खूण, खाली एक खूण,
मधल्या गाळाचा अंदाज.

आमच्या माणदेशातल्या तलावातही
पडलं असणार हे सगळं. आभाळ काय, एकच.
पण बहात्तरला तलाव आटला,
दुष्काळी कामावर आईनंच त्याचा गाळ उपसला,
पाटीवर पाटी,
आणि लोकांनी तो रानात पसरला.
ज्वारी चांगली येते म्हणाले.
आलीही पुढच्या साली, कणसं ही एवढाली.
आम्ही बसून खाल्ली.
माझ्या सालाचा पुरावा
असा भाकरीतून गेला, कालवणाला लागून.

साठ वर्षांत सीझियम दोनदा अर्धं झालं.
डोंगराचा पाव उरलाय,
तरी यंत्राला अजून ऐकू येतो.
सप्टेंबरात मी निवृत्त होईन,
कागदावरच्या तारखेनुसार
मला आणखी थोडं थांबता येणार नाही.

डबी क्रमांक अठ्ठावीस.
झाकणावर चिकटवायच्या पट्टीत
दिवस, महिना, वर्ष, अशा तीन चौकटी आहेत.
मी वर्ष लिहिते.
बाकीच्या दोन कोऱ्या ठेवते
आणि झाकण घट्ट लावते.