गॅस गेला म्हणे

तमालेत हरमॅटनचे वारे.
वुम्पिनी फ्रीज भिंतीपासून ओढते.
मागे कॉम्प्रेसर, काळा, तव्यासारखा.
बोट टेकवलं, लगेच कानाच्या पाळीला.

टक्. घरघर. टक्. गप्प.

"गॅस गेला," फुसेनी म्हणतो, दारातूनच, न बघता.

ती बघते :
जाळीवर वाळवंटातून चालत आलेली धूळ,
मांजराच्या पोटासारखी मऊ.
पंख्याच्या पात्यात
तिनंच विकलेल्या अंबाडीच्या सरबताची
रिकामी पिशवी.

दात घासायचा जुना ब्रश,
तासभर शिंका.
मग वीतभर जागा सोडून
फ्रीज उभा करते, हात ठेवते.
गरमच. पण आता
ताप उतरू लागलेल्या अंगाइतका.

सकाळी फुसेनी पुन्हा दारात.
ती काही बोलत नाही,
त्याच्या हातावर एक पिशवी ठेवते.
अर्धी गोठलेली.